उथळ पाण्यात नाव घालताना: लग्गी की फिशफाइंडर?

इंदूरहून जाम गेटचा घाट उतरून महेश्वरला नर्मदेत स्वतःची नाव घालणारी मंडळी मोजकीच. त्यांतल्या दोघा-तिघांनी या हिवाळ्यात मला एकच विचारलं: खोली बघायला फिशफाइंडर हे स्क्रीनवर खोली दाखवणारं मशीन घ्यावं, की केवटांसारखी, म्हणजे इथल्या नावाड्यांसारखी, लग्गी (लांब बांबू) बाळगावी? मी दोन्ही वापरलंय. आमची नाव चौदा फुटी, फायबरची, सपाट बुडाची, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन. तुमची वेगळी असेल तर पुढचं त्या हिशेबानं वाचा.

मशीनचं आधी सांगतो, कारण त्याचं कौतुक खोटं नाही. डोहात लग्गी तळाला टेकतच नाही. तिथे स्क्रीनवर तळाचा चढउतार बघायला मजा येते. एकटे असाल तर हात मोकळे राहतात. जीपीएस असेल तर गेल्या वेळची वाट साठवता येते. त्या साठवलेल्या वाटेचा भरवसा मात्र बेताचाच. वर ओंकारेश्वरच्या धरणातून विजेसाठी पाणी सुटलं की पातळी चढते, बंद झालं की उतरते. सकाळी जिथून चार फुटांतून आरामात गेलो, तिथेच संध्याकाळी बूड घासलंय आमचं.

आता उथळातली गंमत. मशीन आवाजाचा ठोका खाली सोडतं आणि प्रतिध्वनी किती वेळात परत आला यावरून खोली काढतं. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1480 मीटर जातो, म्हणजे मीटरभर खोलीवरून उत्तर दीड मिलिसेकंदाच्या आत हजर. पण ठोका दिल्यावर सेन्सर स्वतःच क्षणभर थरथरत असतो, त्यामुळे फार जवळचा प्रतिध्वनी त्याला ऐकू येत नाही. दीड फुटात आमचा आकडा लुकलुकायचा किंवा भलताच यायचा, आणि मला नेमका तोच आकडा हवा असतो. त्यात आवाज खाली शंकूसारखा पसरतो; तो शंकू 20 अंशांचा धरला तर दहा मीटर खोलीवर साडेतीन मीटर रुंदीचा तळ दिसतो, एक मीटरवर जेमतेम 35 सेंटीमीटर. जेवणाच्या ताटाएवढा!

हेही मी चालवून घेतलं असतं. चालवून घेता आलं नाही ते एकच: सेन्सर बसतो नावेच्या मागच्या फळीला. खडक लागतो नाकाला. महेश्वरजवळच्या सहस्रधारेच्या खळाळाच्या बऱ्याच अलीकडे, स्क्रीनवर साडेतीन फूट दिसत असताना पुढून खर्रर्र झालं, नाव पुढे सरकली, प्रोपेलर आपटला आणि शिअर पिन (धक्क्यात इंजिन वाचावं म्हणून आधी तुटणारी खीळ) गेली. आकडा त्यानंतर दीडवर आला, इमानदारीत. वल्ही मारत घाटावर आलो तर तिथल्या केवटानं सेन्सरकडे बोट दाखवलं, "पीछे बाँधा है, बाबूजी, तो आगे का क्या बताएगा?" दुकानात मला हा प्रश्न सुचला नव्हता. सेन्सर पुढे बसवून पाहिला, तर वेगात नाक उचललं की तो पाण्याबाहेर.

लग्गीवाला नाकावर उभा असतो, नावेच्या चार हात पुढे टोचतो. खडक असेल तर 'टण', रेती असेल तर खसखस, गाळ असेल तर आवाजच नाही. जुने खलाशी शिशाच्या वजनाच्या तळाला चरबी भरून तळाची रेती वर आणत ते याचसाठी. शिवाय लग्गी टोचायची तर सावकाशच जावं लागतं, आणि उथळात तेच बरं. वेगात नावेखालचं पाणी जोरात पळतं, दाब घटतो, नाव आणखी खाली बसते. वेग दुप्पट तर बसणं साधारण चौपट. ऑगस्ट 1992 मध्ये क्वीन एलिझाबेथ 2 हे जहाज मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ सुमारे 25 नॉट वेगात खडकांना घासलं, तेव्हा ते अंदाजापेक्षा जास्त खाली बसलं होतं. नकाशातली खोलीची मोजणीही 1939 ची.

लग्गीचा जाच नाही असं नाही. दुसरा माणूस लागतो. आमच्याकडे ते काम साडूंचं. तासाभरात त्यांचे खांदे भरून येतात आणि परतीच्या वाटेवर आम्हाला ऐकून घ्यावं लागतं. गाळात रुतली तर सरळ सोडून द्यावी, धरून ठेवली तर नाव पुढे आणि माणूस पाण्यात. रात्री तिचा उपयोग नाही, पण रात्री आम्ही जातही नाही.

तुमचा वावर धरणाच्या खोल जलाशयात असेल तर बहुधा मशीन बरं पडेल. महेश्वरच्या खडकाळ पात्रात मात्र मी लग्गीशिवाय नाव सोडत नाही. मशीन असतं, पण बहुतेक वेळा बंद. बांबू भरीव बघून घ्या, बारा फुटी, आणि दर फुटाला लाल-पांढरे पट्टे ऑइलपेंटनं रंगवा. गाडीच्या टपावर बांधून घाट उतरताना मागच्या टोकाला लाल फडकं बांधायला विसरू नका.