कोल्ड रूमचा टेलिग्राम बॉट, तोही बॅशमध्ये: एका द्राक्ष हंगामानंतर

आधी निकाल सांगतो. टेलिग्रामचा बॉट (मेसेजला आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम) निव्वळ बॅशच्या, म्हणजे लिनक्सच्या कमांड लाइनच्या शेलच्या, फंक्शन्सवर लिहिता येतो आणि तो अख्खा द्राक्ष हंगाम टिकतो. 'अमुक किती आहे?' एवढंच त्याला विचारायचं असेल, तर पायथॉनची गरज पडत नाही. त्याच्याशी चार वाक्यं बोलायची असतील, तर मात्र शेलच्या नादी लागू नका.

दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाऊसमध्ये वायरिंगपासून कॉम्प्युटरपर्यंतची देखभाल माझ्याकडे असते. पॅकिंग झालेली द्राक्षं आधी प्रीकूलिंगमध्ये सहा-आठ तासांत ४ अंशांच्या खाली आणायची, मग कंटेनर न्हावा शेव्याला निघेपर्यंत कोल्ड रूममध्ये शून्याच्या आसपास ठेवायची. तापमान वर गेलं तर माल मऊ पडतो, फार खाली गेलं तर मणी गोठायची भीती. रात्रपाळीचे मामा दर तासाला वहीत आकडे लिहितात आणि शेठ म्हसरूळच्या घरून फोन करकरून ते विचारतात. हा फोन बंद व्हावा, एवढाच बॉटचा मूळ हेतू.

शेलच का, तर आकडे आधीच फाइलमध्ये पडलेले असतात. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर जोडला की लिनक्स त्याची एक फाइल दाखवतं. तिच्यात दोन ओळी: पहिलीच्या शेवटी 'येस' असेल तर वाचन नीट झालं, दुसरीत तापमान हजारपट करून लिहिलेलं. म्हणजे ४३१२ दिसलं की ४.३१२ अंश. फाइल वाचायची, आकडा उचलायचा आणि पाठवायचा. यासाठी लायब्ररी कशाला हवी?

बॉटचा गाभा चार फंक्शन्सचा आहे. एक टेलिग्रामला 'नवीन काही आलं का?' विचारतं, दुसरं आलेल्या जेसनमधून (टेलिग्रामच्या उत्तराचा साचा) जेक्यू या साधनाने मजकूर आणि चॅट आयडी काढतं, तिसरं कुठलं काम करायचं ते ठरवतं, चौथं कर्ल या वेबवर विनंती पाठवणाऱ्या कमांडने उत्तर पाठवतं. विचारणा लाँग पोलिंगने होते: टेलिग्रामला ५० सेकंद थांबायला सांगायचं, तेवढ्यात कोणी काही लिहिलं तर लगेच उत्तर, नाहीतर पुन्हा विचारायचं. कर्लचा स्वतःचा टाइमआउट त्याहून जास्त ठेवायचा. यामुळे वेबहुक (टेलिग्रामने स्वतः आपल्या मशीनला हाक मारणं), पब्लिक आयपी, राउटरमध्ये पोर्ट उघडणं ही भानगडच नाही. पॅकहाऊसच्या नेटवर हे फार सोयीचं पडलं.

कमांडची वाटणी मला अजूनही आवडते. प्रत्येक कामाच्या फंक्शनच्या नावापुढे एकच ठरलेला उपसर्ग लावायचा. आलेला शब्द आधी यादीशी ताडायचा, मग त्या नावाचं फंक्शन खरंच आहे का हे डिक्लेअर कमांडच्या मोठ्या एफ पर्यायाने बघायचं, असेल तरच चालवायचं. नवीन सोय द्यायची तर नवीन फंक्शन लिहायचं आणि यादीत एक शब्द घालायचा. मजकूर थेट कमांड म्हणून चालवणाऱ्या इव्हॅलला मात्र हात लावू नका. बाहेरून आलेला मजकूर इव्हॅलमध्ये गेला की रास्पबेरी पाय तुमचा राहत नाही. आणि पहिल्या दिवसापासून ठरावीक चॅट आयडींनाच उत्तर द्या, कारण बॉटचं नाव शोधून कोणीही त्याला लिहू शकतं.

आता मराठीबद्दल, कारण खरा वेळ तिथेच गेला.

टेलिग्रामच्या कमांडमध्ये रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोरच चालतात. तिरकी रेघ देऊन 'तापमान' लिहिलं तर तो कमांड समजतच नाही. खाजगी चॅटमध्ये साधा मजकूर म्हणून पोहोचतो, पण ग्रुपमध्ये बॉटचा प्रायव्हसी मोड मुळातच चालू असतो, तिथे असा मजकूर त्याच्यापर्यंत येतच नाही. म्हणून मी ग्रुपचा नाद सोडला आणि प्रत्येकाला खाजगी चॅटमध्ये मराठी बटणं दिली: 'तापमान', 'दरवाजा', 'वीज'. मामांना टाइप करावंच लागत नाही. बॉट आपणहून कोणाला पहिला मेसेज करू शकत नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या फोनवर एकदा 'स्टार्ट' दाबून घ्यावं लागलं.

शेठ मात्र टाइप करतात, आणि 'खोली ३' असा मराठी तीन टाकतात. बॅशच्या गणिताला हा ३ कळत नाही. बदलायला टीआर ही अक्षरं बदलणारी कमांड वापरावी असं कुणालाही वाटेल, पण ग्नूचा टीआर अक्षरं नाही, बाइट मोजतो आणि देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटचं असतं. हाती कचरा येतो. मजकूर बदलणाऱ्या सेडची वाय कमांड हे काम नीट करते, पण लोकॅल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ असेल तरच. टर्मिनलमध्ये सगळं झकास चालतं आणि सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेखाली सेवा म्हणून लावलं की बंद पडतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच: तिथे तुमच्या टर्मिनलचं लोकॅल पोहोचलेलं नसतं. सर्व्हिस फाइलमध्ये एक एन्व्हायर्नमेंट ओळ घातली की प्रश्न मिटतो. लांब मेसेज कापतानाही तीच गोष्ट. टेलिग्रामची मर्यादा ४०९६ अक्षरांची. लोकॅल चुकीचं असेल तर बॅश बाइट मोजून अक्षराच्या मधोमध कापतं आणि टेलिग्राम तो मेसेज परत फेकतं. मराठी मजकूर कर्लच्या डेटा-यूआरएलएनकोड पर्यायातूनच पाठवा, नाहीतर अँडचं चिन्ह आलं की पुढचं सगळं गायब.

बॅशला अपूर्णांक येत नाहीत, हजारपट आकड्यामुळे ते अडत नाही. तुलना पूर्णांकातच करायची. दाखवताना मात्र सांभाळा. उणे ३१२ ला हजाराने भागलं की बॅश शून्य देतं आणि उण्याचं चिन्ह नाहीसं होतं. दूध डेअरीला कदाचित फरक पडणार नाही, आमची खोली शून्याच्या अल्याडपल्याडच नांदते. चिन्ह आधी वेगळं काढून ठेवायचं, किंवा छपाई अपूर्णांक येणाऱ्या ऑक कमांडकडे द्यायची. असाच एक छुपा खड्डा तासाचा आहे. डेट कमांडकडून आलेला ०८ किंवा ०९ बॅशला अष्टमान पद्धतीतला वाटतो आणि स्क्रिप्ट सकाळी आठ ते दहा रुसते, बाकी दिवसभर शहाण्यासारखी वागते.

धोक्याच्या सूचनांवर सगळ्यात जास्त फेरफार झाले. लोडिंगला दरवाजा उघडला की तापमान चढणारच. प्रत्येक चढावर मेसेज गेला तर माणसं बॉटला म्यूट करतात आणि मग खऱ्या वेळी कोणी बघत नाही. त्यामुळे सलग तीन वाचनं हद्दीबाहेर गेली तरच सूचना, आणि सूचनेखाली 'बघतोय' हे बटण. कोणी दाबलं की अर्धा तास शांतता. या बटणामागे जो डेटा जातो त्याला ६४ बाइटची मर्यादा आहे, देवनागरीत जेमतेम २१ अक्षरं, म्हणून आत रोमन सांकेतिक नावं ठेवली. बटण दाबल्याची पोच टेलिग्रामला वेगळी द्यावी लागते, नाहीतर फोनवर चक्र फिरत राहतं आणि मामा पुन्हा पुन्हा दाबत बसतात. शिवाय या सेन्सरचं वीज आल्याबरोबरचं पहिलं वाचन ८५ अंश येऊ शकतं. तो आकडा गाळलाच पाहिजे. कोल्ड रूममध्ये ८५ अंश म्हटल्यावर मध्यरात्री शेठ गाडी काढतील.

नेट गेल्यावरची वागणूकही ठरवून घ्या. न उचललेले मेसेज टेलिग्राम २४ तास सांभाळून ठेवतं. नेट आलं की दुपारपासूनच्या सगळ्या 'तापमान किती'ची उत्तरं एकदम धडाधड जातात. मेसेजची वेळ बघून पाच मिनिटांपेक्षा जुने सोडून द्यायचे, एवढा एक इफ पुरतो. दोन प्रती एकदम चालू राहिल्या तर टेलिग्राम ४०९ ची त्रुटी देतं; फ्लॉक कमांडने कुलूप लावलं की तो विषय संपतो. टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली, यूआरएलमध्येच असतं, त्यामुळे त्याच मशीनवर दुसरा कोणी पीएस (चालू प्रोग्रामांची यादी) चालवेल तर त्याला ते दिसतं. कर्लला कॉन्फिग फाइलमधून यूआरएल द्या.

पाय आणि राउटर दोन्ही यूपीएसवर आहेत. तरी हा बॉट म्हणजे अलार्म नव्हे, हे मी शेठला स्पष्ट सांगितलंय. कंट्रोलरचा भोंगा जागेवर आहे आणि राहील. बॉट स्वतःच मेला तर ते सांगणार कोण? त्यासाठी तो रोज सकाळी सातला हजेरीचा मेसेज टाकतो, आणि तो आला नाही की मामाच मला फोन करतात. जानेवारीत पेपरात निफाडचा पारा छापून येतो त्या रात्री कॉम्प्रेसर आरामात असतो आणि बॉटला काही काम नसतं, एप्रिलमध्ये उलट. या दोन्ही टोकांत तो चालला, मेमरी फुगली नाही, पाय गरम झाला नाही.

फसलं ते डिझेलच्या नोंदीत. जनरेटरमध्ये किती लिटर भरलं, मीटर किती, कोणी भरलं, हे तीन प्रश्न बॉटने एकामागून एक विचारावेत अशी शेठची इच्छा. प्रत्येक माणूस कुठल्या प्रश्नावर थांबलाय हे लक्षात ठेवायला माणशी एक फाइल केली. मग मध्येच कोणी 'तापमान' दाबलं, कोणी 'चाळीस' अक्षरात लिहिलं, कोणी आधीचं उत्तर दुरुस्त करायला निघालं. फंक्शनात फंक्शन, केसमध्ये केस. आठवड्याभराने माझं मलाच वाचता येईना. तेवढा भाग पायथॉनमध्ये नेला आणि त्याला वेगळं टोकन दिलं, म्हणजे दोघांची पोलिंगवरून भांडणं नाहीत. तापमानाचा बॉट बॅशमध्येच आहे आणि तिथेच ठेवणार.

व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही, हे प्रत्येक जण विचारतो. तिथे अधिकृत वाटेने जायचं तर बिझनेस खातं लागतं, आणि समोरच्याच्या शेवटच्या मेसेजला २४ तास उलटले की आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातलाच मेसेज जातो. रात्री दोनच्या सूचनेसाठी ही यातायात मला नको होती. टेलिग्रामने २०१५ मध्ये बॉटचं एपीआय खुलं केलं, बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉट नोंदवणाऱ्या बॉटशी दोन ओळी बोललं की टोकन हातात येतं. शेठना हे पटलंय असं नाही. त्यांच्या फोनवर टेलिग्राममध्ये आजही एकच चॅट आहे, ती बॉटची.