वाकळ ओलीच: अलार्म लावायचा की गोळी द्यायची?

सात वर्षांचं पोरगं अजून अंथरूण ओलं करत असेल, तर प्रश्न बहुधा दोनांतच अडतो: अलार्म की गोळी. पण सहा महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं, सारखं पाणी मागतंय, वजन उतरतंय किंवा लघवीला जळजळतंय, तर ही तुलना बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. शौचाला खडा होत असेल तर तेही आधी बरं करा. भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर येतो.

अलार्मचा सेन्सर चड्डीला लावतात, ओल लागली की तो वाजतो. गंमत अशी की सुरुवातीला पोरगं सोडून सगळं घर जागं होतं. कुणीतरी उठून त्याला मोरीपर्यंत चालवत न्यायचं, कपडे बदलायचे, अलार्म पुन्हा जोडायचा. हे दोन-तीन महिने, सलग १४ रात्री कोरड्या जाईपर्यंत. त्यानंतर मात्र गुण बऱ्याचदा टिकतो. बाबा शिरोली एमआयडीसीत रात्रपाळीला, आई एकटी, दोन खोल्यांत आजीसकट सगळे एका रांगेत झोपलेले, अशा घरात अलार्म दुसऱ्या आठवड्यात कपाटात जातो.

डेस्मोप्रेसिनची गोळी रात्री तयार होणारी लघवी कमी करते. लागू पडली तर फरक लवकर दिसतो, थांबवली की बऱ्याच मुलांचं पुन्हा सुरू होतं. पथ्य कडक आहे: गोळीच्या एक तास आधीपासून आठ तासांपर्यंत घोटभर पाण्यापलीकडे काही नाही. म्हणजे त्या रात्री कोल्हापूरच्या गंगावेशीतलं म्हशीचं धारोष्ण दूधही बंद. जास्त पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, झटकेही येऊ शकतात. जुलाब-उलट्या चालू असताना गोळी द्यायचीच नाही. सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

मध्यरात्री उठवून लघवीला नेण्यानं सवय लागत नाही, फक्त वाकळ वाचते. जुलैत, चार-चार दिवस काही वाळत नाही तेव्हा, तेही थोडं नाही.

माझा कौल: उठणारं माणूस असेल तर अलार्म, तोही पावसाळा सरल्यावर. गोळी सहलीसाठी, मामाच्या गावासाठी; पण आधी घरी देऊन बघा. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर दोन्ही नको, गादीवर रबरी शीट टाका आणि थांबा. बाबांचं लहानपण आजीला विचारा. हे बऱ्याचदा घराण्यातूनच येतं.

आणि बक्षीस द्यायचं तर झोपण्याआधी लघवीला गेल्याबद्दल, चादर काढू लागल्याबद्दल द्या. कोरडी रात्र त्याच्या हातात नाही.