आयव्हीए चालू असताना रीमॉर्गेज: वर्षभरानंतर

परवा मॉर्गेजचं, म्हणजे घरावरच्या कर्जाचं, वार्षिक स्टेटमेंट आलं आणि डोकंच फिरलं, म्हणून लिहितोय. आयव्हीए म्हणजे घेणेकऱ्यांशी केलेला, हप्त्यांनी कर्ज मिटवायचा कायदेशीर करार; जास्त सांगत बसत नाही, इथे इंग्लंडात ज्यांच्या मानगुटीवर ते बसलंय त्यांना पक्कं माहितीये. (स्कॉटलंडवाल्यांनी हे वाचून उपयोग नाही, तिकडे त्याऐवजी ट्रस्ट डीड असतं.)

आमचं 2021 चं. चार वर्षं झाल्यावर घर रीमॉर्गेज करून, म्हणजे घरावर नव्याने मोठं कर्ज काढून, एकरकमी मिटवलं. नाहीतरी आमच्या करारात 54 व्या महिन्याच्या आसपास घरातल्या इक्विटीचा (घराच्या किमतीतून कर्ज वजा जाता उरतो तो आपला हिस्सा) विषय निघणारच होता आणि रीमॉर्गेज नाही जमलं तर हप्ते 12 महिने लांबणार होते, मग आधीच उरकलेलं काय वाईट. फक्त घसघशीत सूट मिळेल या भ्रमात राहू नका, पैसा तुमच्याच घरातून निघतोय म्हटल्यावर घेणेकरी कशाला सोडतील! आयव्हीए सांभाळणाऱ्या सुपरवायझरने उरलेले हप्ते आणि इक्विटी दोन्ही धरून आकडा मांडला, घेणेकऱ्यांची रकमेच्या हिशोबाने 75 टक्के मतं बाजूने पडली तेव्हा कुठे गाडी हलली.

नेहमीच्या बँका उभंच करत नाहीत. ब्रोकरने खराब क्रेडिटवाल्यांना देणारा लेंडर शोधला, 7 टक्के, दर दोन वर्षं फिक्स. दराचं काही नाही, ते गृहीतच होतं. माझा राग 1,495 पाउंडाच्या फीवर आहे. इलस्ट्रेशनच्या, म्हणजे कर्जाचा तपशील देणाऱ्या, कागदावर एका ओळीत फी आणि पुढे 'कर्जात जोडली' असं आधीच छापलेलं. रोख भरतो म्हटलं तर म्हणे सगळे कागद नव्याने काढावे लागतील, उशीर होईल. आता 7 टक्क्यांनी 20 वर्षं धरा, त्या 1,495 चे 2,780 होतात. वरच्या पैशात मुंबईची दोन तिकिटं येतात हो! बायको म्हणते पुरे झालं आता, पण स्टेटमेंटवर ती फी व्याजासकट दिसली की परत सुरू होतो मी.

अपडेट: लेंडरला फोन केला, भांडायलाच. तिथली बाई शांतपणे म्हणाली की वर्षाला शिल्लक कर्जाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड न लागता जादा भरता येतं. मग फीएवढी रक्कम त्याच दिवशी भरून टाकली. मात्र हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा असं लेखी मागा, नाहीतर ते आपसूक हप्ता उतरवतात आणि व्याजाची बचत कमी होते.

आणि ब्रोकरला शिव्या घातल्या तरी एका गोष्टीचे मार्क द्यावेच लागतील. आयव्हीए लवकर मिटवलं तरी क्रेडिट फाइलवरची नोंद सुरुवातीच्या तारखेपासून 6 वर्षं राहते. म्हणजे आमची 2027 ला निघणार आणि या पठ्ठ्याने फिक्स बरोबर त्याच वर्षी, नोंद गेल्यानंतर संपेल असं बसवलंय. मी तेव्हा पाच वर्षांच्या फिक्ससाठी हटून बसलो होतो, त्याने ऐकलं नाही. पुढचं रीमॉर्गेजही त्याच्याकडूनच करणार, फी रोख भरून.