शाळेचं ॲप आणि शुक्रवारचा पिवळा कागद: सातवीच्या आईचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दोन गोष्टी एकदमच घरात आल्या. एक शाळेचं नवं ॲप. दुसरी, दर शुक्रवारी दैनंदिनीत चिकटवून येणारा पिवळा कागद, त्यावर वर्गशिक्षिका बाईंनी लिहिलेल्या सात-आठ ओळी आणि शाळेच्या झेरॉक्स मशीनचा काळा पट्टा. ॲपसाठी पालकसभेत प्रोजेक्टर लावून अर्धा तास माहिती दिली गेली. पिवळ्या कागदाबद्दल कोणी काही बोललंच नाही.

पुढच्या वर्षी ॲप चालू ठेवायचं का, हा विषय पालक-शिक्षक संघात येणार आहे. ग्रुपवर लोक विचारताहेत म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. लेक सातवीत, शाळा नाशिकची, अनुदानित, सेमी इंग्रजी. मी पतसंस्थेत कामाला, नवरा सातपूरला शिफ्टमध्ये, घरी सासूबाई. ॲपचं नाव लिहीत नाही. अशी ॲपं सगळी एकाच साच्यातली असतात, नाव कळून काही फरक पडणार नाही.

आधी थोडं मागचं. चौथीपर्यंत मला शाळेतलं सगळं कळायचं. फाटकाशी दहा मिनिटं उभं राहिलं की झालं. कोणाला कांजिण्या आल्या, कोणी कोणाचा खोडरबर पळवला, बाई आज का चिडल्या होत्या, सगळं. एक वर्ग, एक बाई, आणि त्या बाईंना मुलीच्या डब्यात काय असतं तेही ठाऊक. पाचवीत ते थोडं विरलं आणि सहावीत एकदम बंद झालं. आता विषयाला एक असे सात शिक्षक. गणिताच्या सरांना तिचं गणित माहीत, हिंदीच्या बाईंना तिचं हिंदी, आणि अख्खी मुलगी कोणालाच माहीत नाही. ती व्हॅनने जायला लागली, त्यामुळे फाटकही सुटलं. शिक्षण हक्क कायद्यात या वर्गांना उच्च प्राथमिक म्हणतात, २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवी हा वेगळाच टप्पा केलाय. नाव काहीही द्या. पोरं नेमकी याच वयात घरी बोलायची कमी होतात आणि शाळेकडून येणारी खबरही याच वयात आटते.

ही पोकळी ॲप भरून काढेल असं मला खरंच वाटलं होतं.

पहिला महिना मी खूश होते, कबूल करते. हजेरी, गृहपाठ, घटक चाचणीचे गुण, फी, व्हॅन कुठे पोचली, सगळं फोनवर. व्हॅनचा नकाशा तर सोन्यासारखा आहे. आमची व्हॅन पंचवटीतून येते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, की गोदाकाठचे रस्ते बंद होतात आणि व्हॅनवाले काका कुठून वळसा घालतील याचा नेम नसतो. पूर्वी आम्ही दहा आया मिळून त्या माणसाला फोन करून भंडावून सोडायचो. आता तो शांतपणे गाडी चालवतो. सुट्टीचंही तसंच. रात्री दहाला ‘जिल्हाधिकाऱ्यांनी उद्या सुट्टी जाहीर केली’ असे मागच्या वर्षीचे मेसेज फिरायला लागतात, तेव्हा ॲपवर शाळेची सूचना आली तरच खरं, असा आमच्या घरात नियम झालाय. एवढ्या दोन गोष्टींसाठी मी ॲपला पूर्ण गुण देते.

आता कुरकुर. ॲपला एका विद्यार्थ्यामागे एकच नंबर चालतो आणि प्रवेश अर्जावर पहिला नंबर वडिलांचा होता. त्यामुळे सूचना सातपूरच्या कंपनीत लॉकरमध्ये पडून राहणार आणि काळजी पतसंस्थेच्या काउंटरवर माझ्या डोक्यात. नंबर बदलायला ऑफिसात तीन खेपा मारल्या. ज्यांच्या घरी स्मार्टफोन एकच आहे आणि तो दिवसभर रिक्षाबरोबर फिरतो, त्यांचं काय होत असेल? रात्री नऊला कळणार की उद्या तक्त्यासाठी कार्डशीट आणायचंय. दुकानं बंद.

मग मराठी. ॲपमध्ये भाषा निवडता येते, मी हौसेने मराठी निवडली. जुलैत लेकीला ताप आला, घरी ठेवली, आणि साडेआठला फोन वाजला: ‘आपला प्रभाग आज गैरहजर आहे.’ मी दोनदा वाचलं. इंग्रजी शाळेच्या पत्रांत पाल्याला वॉर्ड म्हणतात, आणि यंत्राला वॉर्ड म्हणजे महापालिकेचाच माहीत. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘बरोबरच आहे, २०२२ पासून नगरसेवकच नाहीत, प्रभाग हजर कुठून असणार?’ ते वाक्य आमच्या घरात कायमचं राहिलंय. लेक रुसून खोलीत बसली की ‘प्रभाग गैरहजर’.

संमतीच्या पानाबद्दलही सांगायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. ॲपने ती घेतली, म्हणजे खाली जाऊन ‘मान्य’ दाबायला लावलं. दाबल्याशिवाय हजेरी दिसत नाही. फोटो, पत्ता, येण्याजाण्याची वेळ हे सगळं शाळा सोडल्यावर कधी पुसणार, हे मी ऑफिसात विचारलं. तिथल्या भाऊंनी कपाटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘मॅडम, आमच्याकडे तर सत्तर सालचे दाखलेपण आहेत.’

आता मूळ मुद्दा, वर्तनाचे ठिपके.

ॲपमध्ये प्रत्येक तासाला शिक्षक ठिपका देऊ शकतात. हिरवा, नारिंगी, लाल. ठिपका पडला की पालकांना तत्काळ सूचना. ऑक्टोबरात, सहामाहीच्या आधी, पावणेबाराला माझ्या फोनवर नारिंगी ठिपका आला: ‘वर्गात लक्ष नाही.’ समोर काउंटरवर रांग, आणि माझंही लक्ष गेलं. दुपारी परत एक. संध्याकाळी ती घरी आली, दप्तर टाकलं, आणि मी चपला काढायच्या आत विचारलं, ‘आज भूगोलाच्या तासाला काय झालं?’

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिची वही चोरून वाचली होती. ‘तुला आधीच कळलेलं असतं, मग मला विचारतेस कशाला?’ दार बंद. पुढचे चार दिवस हो-नाहीच्या पलीकडे शब्द नाही. मी मात्र रोज ठिपके बघत होते. फोन चाळीस वेळा उघडला असेल. लेकीबद्दल माझ्याकडे कधी नव्हे इतकी माहिती होती आणि तिला काय झालंय हे काही कळत नव्हतं.

त्या शुक्रवारी पिवळा कागद आला. तोवर मी ते कागद वरवरच वाचायचे. जूनमध्ये दप्तराच्या वजनाबद्दल, ऑगस्टमध्ये जंतनाशक गोळी येणार आहे, ती चावून खायची असते, असलं काही. एकदा मुलींना पाळीबद्दल माहिती दिली, त्याच वेळी मुलग्यांनाही दिली, घरी प्रश्न आले तर टाळू नका, असं साधं लिहिलेलं होतं. त्या दिवशी मात्र असं होतं: सध्या वर्गात मधल्या सुट्टीतले गट मोडताहेत आणि नवे जमताहेत, काही मुलं एकटी डबा खाताहेत, हे या वयात होतं, मी लक्ष ठेवून आहे. ‘कोणाशी भांडलीस?’ असं विचारू नका. डबा कुठे बसून खाल्ला, एवढं विचारलं तरी चालेल. कोणाचं नाव नाही, कोणाच्या नावापुढे ठिपका नाही.

सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून तो कागद दर शुक्रवारी मोठ्याने वाचला जातो, तसा मी वाचला. लेक पोहे खात होती. सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्या सिन्नरच्या शाळेत मला तर पोरींनी सहा महिने वाळीत टाकलं होतं. मी पाण्याच्या टाकीमागे बसून भाकरी खायचे.’ मला हे वीस वर्षांत माहीत नव्हतं. लेकीने विचारलं, ‘मग?’ आणि मग दोघींचं सुरू झालं. प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून डबा खाणारी आमची मुलगी आहे, हे मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत पाठमोरी ऐकलं. सांगितलं तिने आजीला, मला नाही. चालेल.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. एकेकट्या मुलाची खबर तत्काळ आणून दिली की मूल पकडल्यासारखं होतं. वर्गाची खबर आठवड्याने, शांतपणे दिली की घरात सगळ्यांना बोलायला जागा मिळते. माझ्या मुलीबद्दल मला कमी सांगा, तिच्या वर्गाबद्दल जास्त सांगा. अपवाद अर्थातच आहे. कोणाला इजा झाली, कोणी त्रास देतंय, मूल खचलंय असं वाटलं, तर ठिपका नको आणि कागदही नको, सरळ फोन करा. आमच्या बाई करतात. त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी त्यांचा मला फोन आलाच, ती जिन्यात बसते हे त्यांना माहीत होतं.

डिसेंबरातला कागद तर मी कपाटावर चिकटवून ठेवलाय. मुलांनी आपसात व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता आणि वर्गातल्याच मुलांचे फोटो कापून स्टिकर बनवत होते. कोणाच्या रंगावरून, कोणाच्या दातांवरून. बाईंनी लिहिलं होतं की व्हॉट्सॲपच्याच नियमाप्रमाणे खात्याला तेरा वर्षं पूर्ण लागतात, आपल्या वर्गातली बहुतेक मुलं बारा वर्षांची आहेत, म्हणजे हा ग्रुप तुमच्याच नंबरांवर चालतोय. नेमका वार. माझ्याच जुन्या सिमवर चालत होता. ॲपवर त्या आठवड्यात फीच्या तीन आठवणी आणि गॅदरिंगच्या वेशभूषेचं भाडं होतं.

कागदाच्या तळाशी दर वेळी दोन नंबर असतात: १०९८ ही मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, २०२२ मध्ये सुरू झालेली. मी पहिले दोन महिने त्याला छापील नक्षी समजत होते. नंतर शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी १४४१६ ला स्वतःसाठी फोन केला, मुलासाठी नव्हे. तोही उपयोग.

पिवळ्या कागदाचे दोष? आहेत की. सगळा डोलारा एका बाईंवर. शेजारच्या तुकडीत असं काहीच येत नाही, तिथल्या पालकांना ठिपक्यांवरच भागवावं लागतं. जानेवारीत महापालिकेची निवडणूक एकदाची झाली, बाईंना मतदान केंद्रावर ड्युटी आली, आणि तीन शुक्रवार कागद आलाच नाही. प्रभाग हजर झाला, पत्र गैरहजर. शिवाय बाई कधीकधी उपदेशाच्या अंगाने जातात, मोबाइल आणि मैद्याबद्दल लिहिताना विशेष. आणि कागद दैनंदिनीतून सुटून व्हॅनमध्ये पडला की गेला. शाळेने त्यांना या कामासाठी आठवड्यातला एक तास मोकळा द्यावा, एवढी मागणी मी संघात मांडणार आहे. ॲपला जेवढे पैसे जातात त्यापुढे एक तास म्हणजे काहीच नाही.

आणि हो, ठिपके बंद करता येतात. सेटिंगमध्ये खूप आत आहे: सूचना, मग वर्ग, मग ‘वर्तन’, तिथलं बटण बंद. माझ्या फोनवर ते नोव्हेंबरपासून बंद आहे. हजेरी, व्हॅन आणि सुट्टी, एवढंच ठेवलंय. ज्यांना गुण द्यायची सवय आहे त्यांच्यासाठी: ॲपला पाचपैकी अडीच, त्यातले दोन व्हॅनचे. कागदाला साडेचार.

गेल्या आठवड्यातलं सांगते. कागदात बाईंनी लिहिलं होतं की सहलीला बसमध्ये मुलींनी मुलग्यांना खिडकीच्या जागा दिल्या नाहीत, त्यावरून वाद झाला, वाटून घ्यायला शिकवूया. लेकीने घरी येताच पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं: ‘हे चूक आहे. जाताना मुलगे खिडकीत होते, येताना आमची पाळी होती. हे ठरलं होतं.’ कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाली, ‘खाली सही कर, म्हणजे बाई वाचतील.’

मी सही केली. काल दुरुस्ती छापून आली, सर्वांत वरच्या ओळीत.