दापोली-हर्णै रस्त्यावरची सुभेदारांची खानावळ: जेवण अव्वल, जागा रँकप्रमाणे

पाचपैकी चार स्टार. कापलेला एक जेवणासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मालक पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गल्ल्यावर ते स्वतः असतात, चूल वहिनींच्या ताब्यात. मासळी हर्णै बंदरावरच्या लिलावातली, त्यामुळे ताजेपणाबद्दल बोलायलाच नको. सुरमईची तुकडी बोटभर जाड, रवा कुरकुरीत, आतलं मांस मात्र ओलसर. इथेच निम्मे लोक फसतात, तुकडी वाळवून टाकतात. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं मोजकीच, जीभ बधिर होत नाही. सोलकढीला आमसुलाचा खरा रंग. भाकरी तांदळाची आणि संपायच्या आत दुसरी गरम येते. माजी सैनिकांना बिलात दहा टक्के सूट.

आता तो एक स्टार. गाडीवरचा फौजी स्टिकर पाहून सुभेदारांनी ‘या, बसा’ म्हणायच्या आधी विचारलं, "युनिट? रँक?" म्हटलं, नेव्ही, पेटी ऑफिसर (पीओ). म्हणजे त्यांच्या हिशेबी हवालदार, नायब सुभेदाराच्याही खाली. आम्हा नवराबायकोची रवानगी बेसिनशेजारच्या बाकावर झाली. पंख्याखालच्या दोन टेबलांवर नायब सुभेदार, सुभेदार मंडळी. आणि समुद्र दिसतो त्या खिडकीपाशी पांढरा टेबलक्लॉथ, काचेचे ग्लास, चिनी मातीच्या प्लेटा. तिथे एक निवृत्त कर्नलसाहेब येऊन बसले. आमच्यानंतर आले, सुरमई आधी त्यांच्यापुढे गेली. साहेब भला माणूस. म्हणाले, "सुभेदारसाहेब, ते आधी आलेत, त्यांना द्या ना." यांनी "येस सर" म्हणून टाचा जुळवल्या आणि प्लेट तिथेच ठेवली. आयुष्यात मोडलेला हा त्यांचा पहिलाच हुकूम असावा.

बायको म्हणाली, तुम्हाला काय नवीन आहे हे? खरंय. जहाजावर वॉर्डरूम, म्हणजे अधिकाऱ्यांची मेस, वेगळी, सीनियर सेलर्सची मेस वेगळी, ज्युनियरांची वेगळी. ज्याला पहाटे तुम्हाला तोफेवर उभं करायचंय, त्याने रात्री तुमच्याशी पत्ते कुटू नयेत, हे मला तेव्हाही पटायचं. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ या तळावरच्या खलाशांनी संप केला, तो काही वेगळ्या मेसवरून नव्हे. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ, यावरून तो पेटला. २०२४ मध्ये नेव्हीने वॉर्डरूममध्ये आणि खलाशांच्या सेलर्स इन्स्टिट्यूटमध्ये कुर्ता-पायजमा चालवून घेतला. पोशाख एक झाला, दारं दोन ती दोनच. असू देत.

पण निवृत्तीनंतरही हे सुटत नाही. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावर हॉस्पिटलात भरती झालात तर साहेबांना प्रायव्हेट खोली, सुभेदारांना सेमी-प्रायव्हेट, मला जनरल वॉर्ड. हेच तीन वर्ग सुभेदारांनी खिडकी, पंखा, बेसिन असे मांडलेत. गंमत म्हणजे सातव्या वेतन आयोगात मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे फौजी नोकरीबद्दलचा महिन्याचा जादा पगार, अधिकाऱ्यांना १५,५०० आणि शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत सरसकट ५,२०० ठरला. म्हणजे सरकारच्या त्या कागदावर सुभेदार आणि मी एकाच बाकावर! हे मी त्यांना गल्ल्यापाशी ऐकवलं. हसले, दहा टक्के कापले आणि म्हणाले, "पीओसाब, सवय जात नाही हो."

सवय जात नसेल तर निदान बेसिनचा नळ तरी दुरुस्त करा. हात धुणाऱ्याचे शिंतोडे थेट आमच्या भाकरीवर येत होते.

सुट्टीच्या दिवशी जाणार असाल तर सकाळीच फोन करून सुरमई सांगून ठेवा, दुपारी फक्त बांगडा उरतो. गाडी लावायला जागा भरपूर. आणि एक. आमच्यादेखत पुण्याची चार पोरं हाफ पँटीत आली आणि कर्नलसाहेब उठल्या उठल्या थेट खिडकीत बसली. त्यांना कुणी काही विचारलं नाही. तेव्हा फौजी असाल तर स्टिकर असलेली गाडी जरा लांब लावा. दहा टक्के जातील, पण समुद्र दिसेल.