आधी पंधरा डबे की आधी बस?

घोडबंदर रोडला राहणाऱ्या भाच्याने विचारलं, "मामा, ठाण्यात पैसा आधी कुठे घालायला हवा, लोकलमध्ये की बसमध्ये?"

लोकलचे १२ चे १५ डबे केले की एका फेरीत २५ टक्के जागा वाढते, मोटरमन तोच. पण फलाट लांबवा, सिग्नल हलवा... ठाणे-दिवा पाचवी-सहावी रेल्वे मार्गिका २०२२ मध्ये पूर्ण होईपर्यंत किती वर्षं गेली, आठवतंय ना? बस त्यामानाने लवकर येते. तिला मोकळा रस्ता मात्र लागतो. संध्याकाळी कापूरबावडी नाक्यावर नवी कोरी बसही जुन्या खटाऱ्याच्या मागेच उभी. बसला रस्त्यावर स्वतंत्र मार्गिका नसेल तर काम अर्धंच.

कल्याणहून सीएसएमटी गाठणाऱ्यांना डबेच हवेत. कासारवडवलीहून स्टेशन गाठतानाच घामाघूम होणाऱ्या भाच्याला आधी बस.