मुंबई विमानतळावरून शहरात : मेट्रो 3 कितपत उपयोगी?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरल्यावर टॅक्सी न करता शहरात जायचे म्हणजे अनेक वर्षे नेहमीची वाट हीच होती: बेस्टची बस किंवा रिक्षा पकडून अंधेरी स्टेशन गाठायचे आणि बॅगा सांभाळत लोकलमध्ये शिरायचे. भाडे अगदी कमी पडे, पण गर्दीच्या वेळी मोठी बॅग घेऊन दुसऱ्या वर्गाच्या डब्यात पाऊल ठेवणे ज्येष्ठांना आणि लहान मुले बरोबर असलेल्यांना जवळजवळ अशक्यच असे. मेट्रो 3, म्हणजेच भुयारी अ‍ॅक्वा लाइन, ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि हे चित्र पुष्कळ पालटले.

आरे ते कफ परेड हा 33.5 किलोमीटरचा, 27 स्थानकांचा मार्ग आहे आणि त्यावर विमानतळाची दोन स्वतंत्र स्थानके आहेत, एक टर्मिनल 1 (टी-1) साठी आणि दुसरे टर्मिनल 2 (टी-2) साठी. या दोहोंच्या मध्ये सहार रोड स्थानक येते, त्यामुळे परतीच्या प्रवासात आपले विमान कोणत्या टर्मिनलवरून सुटणार आहे हे तिकीट काढण्याआधीच पाहून घ्यावे. भाडे अंतरानुसार 10 ते 70 रुपये आहे. टी-2 वरून दादर, मुंबई सेंट्रल, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेट यांपैकी कुठेही टॅक्सीच्या भाड्याच्या लहानशा हिश्शात पोहोचता येते, तेही वातानुकूलित डब्यात बसून आणि रस्त्यावरच्या कोंडीची चिंता न करता. फलाटाच्या कडेला काचेची दारे आहेत आणि गाडी थांबल्यावरच ती उघडतात, त्यामुळे बॅग, मूल आणि गर्दी एकाच वेळी सांभाळणाऱ्या माणसाच्या जिवाला मोठा आधार वाटतो.

तथापि दक्षिण मुंबईइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, लाभ मला मरोळ नाक्यावर दिसतो, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. टी-2 वरून आरेच्या दिशेने पुढचेच स्थानक मरोळ नाका, भाडे 10 रुपये. तिथे घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा या मेट्रो 1 ची गाडी मिळते. ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे जाणाऱ्याने घाटकोपरला उतरून मध्य रेल्वेची लोकल धरावी. बोरिवली-दहिसरकडे जाणाऱ्याने उलट दिशेची गाडी घेऊन वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्थानकावर उतरावे आणि तिथून गुंदवलीला मेट्रो 7 पकडावी. टी-2 ते घाटकोपर हा प्रवास पन्नास रुपयांच्या आतच होतो. एक अडचण मात्र आधीच ध्यानात घ्यावी. मेट्रो 3 जमिनीच्या बरीच खाली आहे आणि मेट्रो 1 खांबांवरून जाते, म्हणजे मरोळ नाक्यावर पाताळातून थेट पुलावर चढायचे असते. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, पण मोठ्या बॅगा असतील तर लिफ्टचाच मार्ग धरावा. शिवाय दर स्थानकाच्या प्रवेशाशी सामान तपासणीच्या यंत्रातून न्यावे लागते. या सगळ्यासाठी हाताशी थोडा जास्तीचा वेळ ठेवणे शहाणपणाचे. संध्याकाळी घाटकोपरच्या पुलावर जी गर्दी उसळते, तीत दोन बॅगा घेऊन शिरण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

बाहेरगावच्या प्रवाशांसाठी दोन स्थानके विशेष उपयोगाची आहेत. मुंबई सेंट्रलला पश्चिम रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि एसटीचे आगार दोन्ही जवळ आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे स्थानक तिथल्या पादचारी भुयाराशी जोडलेले असल्यामुळे रस्ता ओलांडण्याची यातायात वाचते. दादरच्या नावाने मात्र फसू नये, कारण तिथले मेट्रो स्थानक रेल्वेला लागून नाही आणि मधले अंतर गजबजलेल्या रस्त्याने चालून जावे लागते.

या सेवेची खरी उणीव वेळापत्रकात आहे. गाड्या सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात आणि रात्री साडेदहाच्या सुमारास सुटणारी गाडी शेवटची असते. परदेशाहून येणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर आणि पहाटे उतरतात, आणि भल्या सकाळी सुटणाऱ्या देशांतर्गत विमानांसाठी तर प्रवाशाला पहाटेच घर सोडावे लागते. म्हणजे टॅक्सीवर सर्वाधिक खर्च ज्या वेळी होतो, नेमक्या त्याच वेळी मेट्रो बंद असते. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या लोकल पहाटे चारच्या सुमारास धावू लागतात. भुयाराच्या देखभालीला रात्रीचे काही तास लागणारच, हे मान्य आहे, पण निदान विमानतळाची दोन स्थानके आणि मरोळ नाका एवढ्या टप्प्यासाठी तरी पहाटेच्या गाड्या सोडण्याचा विचार व्हावा, असे मला कळकळीने वाटते. तोवर पहाटे उतरणाऱ्याला घाई नसेल, तर त्याने टर्मिनलमध्येच चहा घेऊन पहिल्या गाडीची वाट पाहावी, आणि तिकीट भुयारात उतरण्याआधीच मोबाईलवर काढून ठेवावे, म्हणजे खाली सिग्नलसाठी अडून राहावे लागत नाही.